टेकडीवर शेवटचं कोण

आम्हाला हॉटेल बांधायचं होतं. आमच्या जमातीच्या कॅसिनोला लागून, टेकडीखालच्या माळावर. पण काउंटीच्या सभागृहातले चेहरे बघून कुणालाही वाटलं असतं, आम्ही दरीत तोफा आणतोय. सगळ्यांच्या छातीवर हिरवे बिल्ले, 'आमची दरी वाचवा'. आमची म्हणे.

बिल्लेवाल्यांतल्या हॉलिसबाई आधी बोलल्या. गाड्या वाढतील, दारुडे वाढतील, विहिरी आटतील. त्यांच्या द्राक्षमळ्याचं पाणी बहुधा थेट स्वर्गातून येत असावं. "आदिवासींबद्दल मला फार आदर आहे," असंही म्हणाल्या. हे वाक्य ऐकलं की मी आधी खिसा चाचपतो.

जमातीतर्फे मी बोललो. जुगाराचं कौतुक मलाही नाही. पण आमचा दवाखाना त्याच पैशावर चालतो. हॉटेल झालं असतं तर डायलिसिसची यंत्रं गावात आली असती. आज त्यासाठी आठवड्यातून तीनदा दोन तास गाडीत बसून शहर गाठावं लागतं. माझी लिओटा मावशी तशीच जाते, मीच नेतो.

'दरी वाचवा'वाल्यांच्या समितीचा वकील उठला. "हा माळ तुमचा कशावरून? कॅसिनो वाढवायचा म्हटल्यावर आठवला का?"

त्यासाठीच मी मावशीला साक्षीला आणलं होतं. ती म्हणाली, "वरच्या टेकडीवर आम्ही अजून आमची माणसं पुरतो."

"असं? शेवटचं कोणाला पुरलंत?"



मावशीच्या एकुलत्या लेकीला पुरलं होतं, आठ महिन्यांपूर्वी. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव वर्षभर कुणी घेत नाही. घेतलं तर ते माणूस परलोकाच्या वाटेतून मागे वळतं. वर्ष सरलं की त्याचे कपडे जाळतात, सगळे मिळून रडतात, मग नाव मोकळं होतं. हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. तरी मी तिलाच उभं केलं. पांढरे केस बघून काउंटीच्या मंडळाला पाझर फुटेल म्हणून. अक्कल गहाण पडली होती माझी.

"नाव आठवत नाही का, आजी?" वकील हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "थापा आहेत सगळ्या."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. गप्प बस, असं ती नजर सांगत होती आणि मला ते नीट कळलं होतं. मी उठलो आणि नाव सांगितलं. माइकवर, आडनावासकट. कारकुनाला नीट ऐकू आलं नाही, म्हणून परत सांगितलं.

मंडळाचे पाचही जण विरोधात गेले. अध्यक्षांनी निर्णय वाचला तो आधीच छापून आणलेल्या कागदावरून.

बाहेर मी म्हटलं, "मावशी, चल, घरी सोडतो."

"माझी लेक निम्म्या वाटेवर होती रे," ती म्हणाली. "तू हाक मारलीस."

"तुझ्यासाठीच केलं ना मी."

"मी सांगितलं होतं तुला? आता ती दारात येऊन उभी राहील. तिला परत कोण पोचवणार, तू?"

सोमवारी ठरल्या वेळी तिला डायलिसिसला न्यायला मी दाराशी गाडी लावली. ती आतूनच म्हणाली, "जा तू. मला नाही यायचं." बुधवारी तेच, शुक्रवारी तेच. डॉक्टरांनी फोन केला, पाद्री येऊन गेला, मी उंबऱ्यावर बसून रडलो. मावशीचे पाय आता सुजलेत, धाप लागते. तरी एकच म्हणते, पोर एकटी कशी जाईल, मी जाते तिच्यासोबत.