मी पाठकोरी नाही

मित्रांनो, मी एक जुनी प्रश्नावली आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तुम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना प्रश्न विचारून कागद भरून आणता ना, तसाच मी एक कागद, फक्त सरकारी. मला नाव नाही, क्रमांक आहे. दोनशे चौदा. कर्वेनगरातल्या एका संशोधन संस्थेच्या लोखंडी कपाटात माझे आयुष्य गेले. म्हातारे कागद पिवळे पडतात आणि गप्प राहतात, अशी रीत आहे. मी पिवळी पडले, पण गप्प राहणार नाही. मला राग आला आहे. तुम्ही लहान आहात म्हणून तो साखरेत घोळूनही सांगणार नाही.

माझा जन्म १९९८ सालचा. तेव्हा नगर रस्त्याच्या कडेने काचेच्या इमारती उठत होत्या. संगणकाच्या कंपन्या येत होत्या, वाघोलीकडच्या शेतांत खांब रोवले जात होते, माणसे लोंढ्याने येत होती. एवढे शहर वाढले, तर पोलिसांकडे दाद मागायला गेलेल्या माणसाचे होते तरी काय, याचा अभ्यास करावा असे सरकारला वाटले. तुमच्या आईवडिलांच्या करातून त्याला अनुदान मिळाले. अभ्यासाचे प्रमुख होते रावसाहेब सर. माणूस विद्वान. सहा महिने बैठका झाल्या, चहाच्या किटल्या रित्या झाल्या आणि सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात आम्ही चारशे बहिणी जन्माला आलो. प्रत्येकीच्या अंगावर चार पाने, एकाच बाजूने छापलेली. शाईचा वास अंगाला होता आणि डोक्यात हवा होती. लोकांचे दुःख आता आम्ही सरकारच्या कानी घालणार होतो!

माझ्या अंगातच खोट होती, हे मला तेव्हा कळले नाही.

अकरावा प्रश्न असा होता: 'गेल्या वर्षभरात पोलिसांनी आपली तक्रार नोंदवून घेतली का?' उत्तर 'हो' असेल तर बारा ते एकवीस हे प्रश्न विचारायचे. पोलीस नीट बोलले का, बसायला सांगितले का, मारहाण झाली का, असे सगळे त्यात होते. उत्तर 'नाही' असेल तर ते दहा प्रश्न सोडून थेट बाविसाव्यावर उडी मारायची. बाविसावा प्रश्न होता: 'आपल्या भागात रस्त्यावरचे दिवे पुरेसे आहेत का?'

कळले का काही? ज्याची तक्रार पोलिसांनी घेतली, त्याला वागणुकीबद्दल विचारायचे. ज्याला दारातूनच हाकलले, त्याला दिव्यांबद्दल. सहा महिने बैठका घेणाऱ्या एकाही विद्वानाला हे दिसले नाही. त्यांच्यापैकी कोणाला कधी चौकीच्या दारातून हाकललेच नव्हते, तर दिसणार कसे?

मला भरायला घेऊन गेली दीपाली. नुकतीच एम.ए. झालेली, खांद्याला शबनम, पायात झिजलेल्या चपला. वाघोली रस्त्यालगतच्या एका वस्तीत ती चंद्रभागा नावाच्या बाईच्या दारात बसली. घरात भिंतीवर बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे चित्र, खाली पाटावर टायपिंगच्या क्लासचे एक जाड पुस्तक. चंद्रभागेची आठ वर्षांची मुलगी निकिता शेजारी बसून दीपालीच्या पेनाकडे टक लावून बघत होती.

"गेल्या वर्षभरात पोलिसांनी आपली तक्रार नोंदवून घेतली का?" दीपालीने विचारले.

"न्हाई घेतली," चंद्रभागा म्हणाली.

दीपालीने 'नाही'वर खूण केली. पेन उडी मारून बाविसाव्यावर गेले. "आपल्या भागात रस्त्यावरचे दिवे पुरेसे आहेत का?"

चंद्रभागा तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "दिवं? दिवं हायेत की, बाई. त्याच उजेडात माझ्या पोराला उचलून नेला."

दीपालीचे पेन थांबले. तिने मला उलटे केले आणि माझ्या कोऱ्या पाठीवर लिहायला सुरुवात केली. मित्रांनो, तोपर्यंत मला पाठ आहे हेच मला माहीत नव्हते.

चंद्रभागेचा थोरला मुलगा अभय एकोणीस वर्षांचा. दिवसा टायपिंगचा क्लास, रात्री एका संगणक कंपनीच्या नव्या इमारतीवर पहारा. टायपिंगची परीक्षा दिली की कुठेतरी कारकून होईन, असे तो म्हणायचा. एका सकाळी इमारतीतले चार कीबोर्ड नाहीसे झाले. मुकादमाने अभयचे नाव सांगितले. पोलिसांनी त्याला त्याच रात्री उचलले, दोन दिवस चौकीत ठेवले आणि उजव्या हाताची तीन बोटे मोडली. तिसऱ्या दिवशी खरा चोर सापडला तेव्हा अभयला सोडून दिले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

"मी तीनदा गेले चौकीवर," चंद्रभागा सांगत होती. "पयल्यांदा म्हणले, सायेब न्हाईत. दुसऱ्यांदा म्हणले, वरच्या हापिसात जा. तिसऱ्यांदा दिवस मावळंस्तोवर बसवली आन् म्हणले, मावशे, लिहून घ्यायला कागूदच संपल्यात. बाई, एक कागूद न्हाई व्हय एवढ्या मोठ्या सरकारकडं?"

दीपाली लिहीत राहिली. चार पानांच्या चारही पाठी भरल्या. निघताना चंद्रभागेने विचारले, "ह्ये कोन वाचनार हाय का? मला पैका नगं, काय नगं. कुटंतरी लिवलेलं ऱ्हाऊ दे, की असं झालं व्हतं."

"वाचतील. मी स्वतः सरांना दाखवीन," दीपालीने शब्द दिला.

तिने दाखवले, हे खरे. माझ्यासारख्या तेवीसजणी तिने त्या वस्तीतून पाठी भरून आणल्या होत्या. तिने आम्हांला रावसाहेब सरांच्या टेबलावर उलटे मांडले.

"सर, ज्यांची तक्रारच घेतली नाही, त्यांना आपण दिव्यांचं विचारतोय. अकरावा प्रश्न बदलायला हवा."

सरांनी आम्हांला उचलले आणि सुलटे केले. "दीपाली, संशोधनाचं साधन अर्ध्यावर बदलता येत नाही. तुलना बिघडते. पाठीमागे लिहायला सांगितलं होतं का कोणी?"

"नाही सर. पण माणसं सांगत होती."

"माणसं सांगतच असतात. पुढच्या अभ्यासात बघू."

पुढच्या अभ्यासात दीपालीला घेतलेच नाही. ती नोकरी शोधत दुसऱ्या शहरात गेली. माझा तिच्यावरही थोडा राग आहे. शब्द देऊन गेली ती गेली. पण तिने निदान मला उलटे केले होते. बाकीच्यांनी तेवढेही केले नाही.

मग आम्हांला संगणकावर चढवले. त्या काळी संगणकाच्या खोलीत चपला काढून जायचे, देवघरात जावे तसे. तिथली बाई भराभर आकडे मारायची. बारा ते एकवीस या रकान्यांत काहीच नसेल तर 'नऊ' दाबायचा, असा नियम होता. नऊ म्हणजे 'लागू नाही'. तक्रार नोंदवताना पोलीस नीट बोलले का? नऊ. बसायला सांगितले का? नऊ. मारहाण झाली का? नऊ! माझ्या पाठीवर तीन मोडलेली बोटे लिहिलेली होती आणि पडद्यावर दहा धडधाकट बोटांनी 'लागू नाही' उमटत होते. संगणकात पाठीसाठी रकानाच नव्हता. मला ओरडावेसे वाटले. पण कागदाचे हे असे, तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दोन वर्षांनी अहवाल निघाला. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरे. समारंभात सरांना शाल आणि नारळ मिळाला. अहवालात आमच्या वस्तीबद्दल एकच वाक्य होते: 'या वस्तीत पोलिसांच्या वागणुकीविषयी तक्रार आढळली नाही.' त्यापुढे शिफारस, की तिथे स्वतंत्र तक्रार कक्षाची आवश्यकता दिसत नाही. सरकारने शिफारस मानली. सरकारी अहवाल कोणी मानत नाही असे म्हणतात. हा नेमका मानला. कक्ष दुसरीकडे गेला. त्या चौकीतले कागद मात्र संपलेलेच राहिले.

पुढे काय झाले, ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. संस्थेतल्या कोणीतरी पाहिले, की प्रश्नावल्यांच्या पाठी कोऱ्या आहेत. पाठकोरा कागद वाया घालवणे म्हणजे आपल्याकडे महापाप! उत्तरेश्वर नावाच्या कारकुनाने गठ्ठे सोडले आणि माझ्या बहिणींची वह्यांसारखी बाडे शिवली. त्यांच्या पाठीवर निरोप, हिशेब आणि जेवणाच्या डब्यांच्या याद्या लिहून झाल्यावर त्या केरात गेल्या. आम्हां चोविसांना त्याने चाळून बाजूला फेकले. "ह्या कामाच्या नाहीत. पाठकोऱ्या नाहीत," म्हणाला आणि कपाटाच्या तळाशी ढकलून दिले. ज्या अक्षरांना कोणी वाचले नाही, त्या अक्षरांनीच आम्हांला वाचवले.

माझ्या जन्माला बारा वर्षे झाली. २०१० साली एके दिवशी कपाट उघडले. दारात एक विशीतली मुलगी होती, हातात माहितीच्या अधिकाराचा अर्ज. ती निकिता होती. ती आता कायद्याच्या कॉलेजात शिकत होती. ग्रंथालयात तिला तो सोनेरी अहवाल सापडला आणि ते एक वाक्य तिने वाचले. लहानपणी एका ताईने कागद उलटा करून लिहिले होते, हे तिला पक्के आठवत होते. तिच्यासोबत चंद्रभागा होती, केस पांढरे झालेली.

"प्रश्नावल्या दाखवता येत नाहीत," उत्तरेश्वर चष्म्यावरून बघत म्हणाला. "व्यक्तीची गोपनीय माहिती असते. बाहेर पाटी आहे, वाचता येत असेल तर."

"ती व्यक्ती इथे बसलीये. ही माझी आई."

"कशावरून? कागदावर नाव नसतं. नावांची यादी तेव्हाच नष्ट केली, नियमाप्रमाणे."

चंद्रभागेने खुर्ची पुढे ओढली. "त्यो गठ्ठा काढा आन् तुमीच हातात धरा," ती उत्तरेश्वरला म्हणाली. "मी सांगते. कुटं चुकले तर उठून जाते."

आणि ती बोलू लागली. दिव्यांपासून. उत्तरेश्वर एकेक प्रश्नावली उलटत गेला, आणि माझ्यापाशी थांबला. त्याचे बोट ओळीवरून सरकू लागले. चार कीबोर्ड. दोन दिवस. तीन बोटे. सायेब न्हाईत. वरच्या हापिसात जा. बारा वर्षांपूर्वीचे बोलणे ती जसेच्या तसे बोलत होती. "कागूदच संपल्यात," ती म्हणाली, तेव्हा त्याचे बोट त्याच शब्दांवर होते. त्याने चष्मा काढला आणि तो पुसत बसला.

आवाज ऐकून रावसाहेब सर आतून आले. निवृत्त झाले होते, पण सन्मानाची खोली अजून होती. निकिताने त्यांना अहवालातले ते वाक्य दाखवले आणि मग मला दाखवले.

"पद्धतीत काही मर्यादा राहतात," सर म्हणाले. "आणि बाई, नाव गुप्त ठेवतो ते तुमच्याच भल्यासाठी."

"मंग झालं का भलं?" चंद्रभागेने विचारले.

सरांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला.

"माझा अभय लिफ्ट चालवतो, सायेब. काचंच्या बिल्डिंगीत. डाव्या हातानं बटनं दाबतो. नाव लपवून त्याचं काय भलं झालं? नंबर तुमचा ऱ्हाऊ द्या. ह्येच्यावर माझं नाव पायजे."

"संस्थेचा दस्तऐवज आहे हा! त्यावर असं काही लिहिता येत नाही!" सरांचा आवाज चढला.

उत्तरेश्वरने खिशातले पेन काढून टेबलावर ठेवले. "घ्या, मावशी," तो म्हणाला. "पक्की शाई आहे. पुसली जात नाही."

निकिताने पेन उचलले, पण चंद्रभागेने ते तिच्या हातातून घेतले. सही तिला लेकीनेच शिकवली होती. दोनशे चौदाच्या खाली तिने एकेक अक्षर दाबून, कागदाच्या पलीकडे उमटेल एवढ्या जोराने लिहिले: चंद्रभागा.

निकिता माझ्या आठही बाजूंच्या प्रती घेऊन गेली. त्या घेऊन ती चौकीत गेली आहे, पुढे कोर्टातही जाणार आहे. न्याय मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. अभयची बोटे तर सरळ होणार नाहीत. मी परत कपाटात आले आहे. माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी सर होईल, कोणी साहेब होईल, कोणी संगणकावर रकाने आखील. कागद जपा, वाया घालवू नका, हे तुम्हांला सगळेच सांगतात. मी त्यापुढचे सांगते. ज्याला दारातून हाकलले आहे, त्याला दिव्यांचे विचारू नका. त्याच्यासाठी रकाना आखा. आणि भरलेला कागद हातात आला, की ठेवून देण्याआधी एकदा उलटून बघा.