आपोलिना मावशीचा हात

अरे ऐका ना, मधे बोलू नका! मला हॉस्पिटलात लागून तेव्हा आठच महिने झालेले. डोक्याला तारा चिकटवायच्या, मेंदूच्या लहरी काढायच्या, एवढंच काम. आणि त्या दिवशी खाटेवर कोण, तर आमच्या वेंगुर्ल्यातल्या शेजारचा लिओन! तळेऱ्याला बाईक घसरलेली, पाचवा दिवस, बेशुद्ध.

डॉक्टर म्हणाले, "संचिता, मेंदू जरा जरी काम करताना दिसला तरी आजच गोव्याला हलवू. नाहीतर हलवण्यात अर्थ नाही."

तारा लावल्या, मशीन चालू केलं, आणि काय सांगू, लाटा! एकसारख्या लाटा! मी ओरडलेच, "मावशी, आसा गो, लिओन आसा!" त्याची आई, आपोलिना मावशी, रडायलाच लागली. आणि लाटा थांबल्या. परत सुरू. परत थांबल्या. मी वळून बघते तर मावशी! एका हातात जपमाळ, तेर्स, म्हणजे त्या माळेवरची प्रार्थना, चाललेला, दुसऱ्या हाताने लिओनचा खांदा थोपटतेय. डोळे पुसायला हात उचलला की लाटा गायब.

"मावशी, थोपटू नको. तारा हालतत."

"तेर्स अर्ध्यार सोडूक नाय गो. आनी तो ल्हानपणापासून असोच निजता."

"तेका निजवूचो नाय, उठवूचो आसा!"

हात काढेचना. मग मी उरलेल्या दोन तारा तिच्याच मनगटाला चिकटवल्या. तिची हालचाल वेगळ्या रेघेवर येणार, ती वजा करायची, उरेल ते लिओनचं. काहीतरी उरेल ना रे?

वजा केलं. सपाट. रेघा मोठ्या करून बघितल्या. कानात हाका मारल्या, चिमटे काढले. सपाटच.

तेर्स संपला. मावशीने हात उचलला.

"मगाशी दिसत होतां तां काय गो?"

"तुझो हात, मावशी."

 तेवढ्यात बाहेर डॉक्टरांची चप्पल वाजली, आणि तिने हात परत लिओनच्या खांद्यावर ठेवला. थोपटायला लागली. जोरात.

"अरे, लाटा आहेत की!" डॉक्टर दारातूनच म्हणाले.

"सांगा नको गो," मावशी पुटपुटली. "गोव्याक न्हेऊं दे तेका."

शपथ सांगते, मी डॉक्टरांना त्या लाटा बघू दिल्या. किती वेळ ते नाही माहीत. मग तिचा हात धरून थांबवला.

केवढी ताकद होती रे त्या हातात.