खिशातले हात

परवा आमच्या अम्मानच्या बागेत कुठल्याशा संस्थेच्या बाई आल्या. म्हणाल्या, "मुली स्केटबोर्डकडे वळत नाहीत, कारण त्या घाबरतात." शुक्रवारी काय झालं ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. बाई गोड हसल्या आणि निघून गेल्या. म्हणून आता लिहिते.

बागेत सिमेंटचा उंच उतार आहे. कडेवरून बोर्डासकट पहिल्यांदा खाली झोकून द्यायचं, तर समोरून कुणीतरी हात धरायला हवेत. सगळी पोरं अशीच शिकली. कुतैबा शिकवतो. पोरगा गुणी आहे. एकेकाला त्यानं हात धरून उतरवलंय.

माझी धाकटी बहीण अरीज हिवाळाभर सपाटीवर शिकली. त्या शुक्रवारी ती उताराच्या कडेवर उभी राहिली, दोन्ही हात पुढं केले. कुतैबानं आपले हात खिशात घातले.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"निबालताई, मागं एकीला धरलं होतं. कुणीतरी फोटो काढला. तिच्या बापानं तिला परत पाठवलीच नाही."

"आणि तुला काय म्हणाला?"

"मला? मला कशाला काय म्हणेल?"

मग त्यानं झाडूचा दांडा आणला. एक टोक त्याच्याकडे, एक अरीजकडे. दांडा काय माणसाचा हात असतो? तो गर्रकन फिरला आणि अरीज हनुवटीवर आपटली. रक्त आलं.

शेजारची उम्म वाइल बाकावर मुलूखियाच्या भाजीची पानं खुडत होती. तिथूनच ओरडली, "तोंड बघू, तोंड! उद्या मागणी घालायला येणारे आधी तोंडच बघणार!"

तिच्या मुलाचा, वाइलचा, हात याच उतारावर मोडला होता, तेव्हा हिनं गल्लीभर कुनाफ्याची मिठाई वाटली होती. वाघ आहे म्हणे माझा!

मागून एक पोरगा म्हणाला, "अरीज, तुमच्या स्वयंपाकघरात उतार नाही का गं?" सगळे फिदीफिदी हसले. हाच पहिल्या दिवशी कुतैबाच्या गळ्यात पडून रडला होता. त्याला कुणी घाबरट म्हटलं नाही.

माझं डोकं सणकलं.

"कुतैबा, तुला बहीण आहे ना?"

"आहे. सुहाद. अरीजएवढीच."

"मग आण तिला. ती हिला धरेल, ही तिला."

तो हसला. मी थट्टा करतेय असंच वाटलं त्याला.

"सुहादला? इथं? या पोरांसमोर?"

"या पोरांना तूच शिकवलंस ना?"

त्यानं हात पुन्हा खिशात घातले.

मी चपला काढल्या आणि उतारावर जाऊन उभी राहिले. मला बोर्डावर साधं उभंही राहता येत नाही. कुतैबा लांबून सांगत होता, "पाय रोवा! पुढं वाका!" तोंडानं आधार द्यायला सगळेच तयार असतात. अरीज आली ती थेट माझ्या अंगावर. दोघी कोसळलो. माझा गुडघा सोलला, झगा फाटला.

"घ्या! आता थोरलीही कामातून गेली!" बाकावरून आवाज आला.

"मावशी, तुम्ही पानं खुडा!" मी ओरडले.

अरीज हनुवटीला माझा रुमाल दाबून पुन्हा वर चढली.

"ताई, बोटं नको धरूस. मनगटं धर. आणि डोळे मिटू नकोस."

धरली. तिनं अंग पुढं झोकलं. खांदे निखळतील असा हिसका बसला, पण या वेळी मी हलले नाही. बोर्ड सरळ खाली गेला, बोर्डावर अरीज.

टाळी कुणीही वाजवली नाही. अरीजला त्याचं काही नव्हतं, ती बोर्ड काखेत मारून पुन्हा वर निघाली होती. मी हात पुढं करून तिथंच उभी राहिले.