धनत्रयोदशीचा अर्ज

गिरधर वैद्यांच्या घरात कुठल्याही नव्या कामाचा मुहूर्त वर्षातून एकदाच यायचा, धनत्रयोदशीला. नवा खल आणला तरी तो त्या दिवशी धन्वंतरीच्या तसबिरीपुढे पुजायचा, तेव्हा कुठे त्यात पहिला हिरडा पडायचा. मग मुलाच्या नोंदणीचा अर्ज काय आभाळातून पडला होता?

मुलगा शालिग्राम नागपूरच्या एका आयुर्वेद कॉलेजात पाच वर्षं घासून १९५६च्या जूनमध्ये पदवी घेऊन बुऱ्हाणपूरला परतला. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची, म्हणजे आपलीच राजधानी होती आणि वैद्यांची नोंद ठेवणारं मंडळही तिथंच बसायचं. पदवी दाखवायची, नंबर घ्यायचा आणि बुधवाऱ्यातल्या दवाखान्यावर आपल्या नावाची पाटी लावायची, एवढंच उरलं होतं. नंबराशिवाय वैद्यकी करणं गुन्हा होता. अर्ज जुलैत भरून तयार झाला आणि पुढचे चार महिने तसबिरीपुढे खलाखाली दबून राहिला.

“आप्पा, राज्यं बदलणार म्हणतात. आताच पाठवू का?”

“बदलू देत. मोगल गेले, शिंदे गेले, इंग्रज गेला. वात, पित्त, कफ तिथल्या तिथंच आहेत ना?”

शालिग्रामनं अर्ज परत खलाखाली सरकवला.

त्या साली धनत्रयोदशी एकतीस ऑक्टोबरला आली. सकाळी पूजा झाली, अर्जाला हळदकुंकू लागलं आणि तो रजिस्टर पोस्टानं निघाला. दुसऱ्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि बुऱ्हाणपूर भोपाळच्या पदरात पडलं. अर्ज तेव्हा गाडीतच होता.

नागपूरचं उत्तर जानेवारीत आलं: अर्जदार आमच्या राज्याचा रहिवासी नाही. मग शालिग्रामनं तोच अर्ज भोपाळला धाडला. तिथलं उत्तर मे महिन्यात आलं: अर्जदाराचं कॉलेज आमच्या राज्यातलं नाही. दोन्ही पत्रं अगदी बरोबर होती. एखाद्यात चूक सापडली असती तर शालिग्रामला तेवढाच आधार वाटला असता.

तो भोपाळला गेला. बाबूनं पदवीचा कागद उजेडात धरून पाहिला.

“डिग्री तो असली है. नंबर कहाँ है?”

“नंबर लेने ही तो आया हूँ.”

“पहली नवंबर के पहलेवाले सारे नंबर हमने मान लिए, भैया. एक दिन पहले का भी चलता. आपका नंबर होता तो नंबर मिल जाता.”

शालिग्राम तिथंच उभा राहिला. शेवटी बाबूलाच दया आली. त्यानं खालच्या खणातून दुसरा फॉर्म काढला. हा न शिकलेल्यांसाठी होता. दहा वर्षं सलग दवाखान्यात काम केल्याचा दाखला, खाली नोंदणी झालेल्या वैद्याची सही, झालं काम. आप्पांना स्वतःला असाच नंबर मिळाला होता. आप्पा शाळेत गेले होते ते एकदाच, मास्तरांना काढा द्यायला.

घरी आल्या आल्या त्यानं फॉर्म पुढे ठेवला. आप्पांनी तो दोनदा वाचून घेतला.

“दहा वर्षं सलग. मधली पाच वर्षं कुठं होतास?”

“तुम्हीच पाठवलं होतं, आप्पा. शिकायला.”

“म्हणजे इथं नव्हतास.”

“सही करा ना. कोण बघतंय?”

आप्पांनी तसबिरीकडे बोट दाखवलं. मग त्यांची नजर मागच्या पडवीत गेली. तिथं दवाखान्याचा गडी, कडू, हिरडा कुटत होता. बावीस वर्षं तो तेच करत होता.

“हा एक दिवस कुठं गेला नाही,” आप्पा म्हणाले. “माझे डोळे मिटले की माझा नंबर मिटला. दवाखाना उघडा राहायला कुणाचा तरी नंबर पाहिजे. लिही त्याचं नाव.”

शालिग्रामनं लिहिलं. ‘शिक्षण’ या शब्दापुढे सुंदर अक्षरात ‘नाही’ लिहिलं. कडूनं अंगठा उठवला, आप्पांनी सही केली आणि दीड महिन्यात नंबर आला.

“छोटे मालक, मले तर नाडी कुठं पाहतात तेबी माहीत नाही,” कडू रडकुंडीला आला.

“मनगटात.”

“कोनत्या?”

“पुरुषाची उजव्या. बाईची डाव्या.”

पुढच्या वर्षी आप्पा गेले. पाटी लागली: ‘वैद्य कडू, सरकारमान्य’. कडू गादीवर बसू लागला, शालिग्राम पुड्या बांधायच्या स्टुलावर. कडू डोळे मिटून मनगट धरायचा, शालिग्राम स्टुलावरूनच रोग्याची जीभ, डोळे, नखं निरखायचा आणि पुडी बांधता बांधता हळूच काय ते पुटपुटायचा.

एकदा इतवाऱ्याची सोजरबाई हात पुढे करून बसली होती. तिनं स्टुलाकडे हनुवटी उडवली.

“हा गिरधर वैद्याचा पोरगा ना? नागपूरले शिकायले गेलता म्हने. नापास झाला का?”

“नाही माय,” कडू म्हणाला, “पास झाले. तेच तर झालं.”

शालिग्रामला आता एकच आस होती. भोपाळची एक फेरी सोडली तर जून छप्पनपासून तो दवाखान्याच्या बाहेर पडला नव्हता. म्हणजे सलग दहा वर्षं सहासष्टात भरणार. तेव्हा त्याच फॉर्मवर दाखला द्यायचा तो नोंदणी झालेल्या वैद्यानं, म्हणजे कडूनं. कडू दर धनत्रयोदशीला एका वहीत तसबिरीसमोर अंगठा उठवायचा: यंदाही छोटे मालक सलग हजर.

वहीत तीन अंगठे झाले आणि मंडळाचं छापील पत्र आलं. नाव कडूचं होतं, म्हणून ते शालिग्रामनं वाचलं. अनुभवावर होणारी नोंदणी या महिन्याअखेर कायमची बंद. यापुढे फक्त राज्यातल्या मान्य कॉलेजांचे पदवीधर. सोबत कॉलेजांची यादी. यादी त्यानं तरीही वरपासून खालपर्यंत वाचली.

“काय म्हनते सरकार?” कडूनं विचारलं.

“यापुढे न शिकलेल्या माणसाला वैद्य होता येणार नाही.”

कडूनं तसबिरीकडे पाहून हात जोडले. “बरं झालं, छोटे मालक. लोकांच्या जिवाशी खेळ होता हा.”

शालिग्रामनं पत्राची घडी वहीत ठेवली आणि खल पुढे ओढला. हिरडा अजून जाडच होता.