एकोणीस झरे

भिंगरीचं गाणं लाखो लोकांनी ऐकलं होतं आणि त्यातला एकही शब्द कुणाला कळला नव्हता. ते तिच्या आईकडच्या बोलीतलं होतं. धरणात गाव गेलं, माणसं पांगली आणि ती बोली धड बोलणारी एकटी मावशी उरली. गाणंही मावशीचंच. गाव सोडताना तिथल्या एकोणीस झऱ्यांना एकेक करून नावाने हाक मारायची, असं ते गाणं. भिंगरीने त्यातली एक अर्धी हाक कापून घेतली, खाली इलेक्ट्रॉनिक ठेका टाकला आणि ती गरगर फिरवली.

मावशीला पक्षाघात झाला, तेव्हा भिंगरीने घाईघाईने जुनं रेकॉर्डिंग शोधलं. सात तुकडे सापडले, एकेका झऱ्याच्या नावाचे. बाकीचं तिनेच पुसलं होतं, जागा पुरत नाही म्हणून. "आख्खं गाणं एकदा घेऊन ठेव गं," असं मावशी किती वेळा म्हणाली होती! "घेते ना, तू कुठे पळून चाललीयेस?" हे भिंगरीचं ठरलेलं उत्तर.

दुपारी ती लॅपटॉप घेऊन हॉस्पिटलात गेली. मावसभाऊ खाटेपाशी बसला होता.

"बोलता येत नाही तिला," तो म्हणाला. "एकच अक्षर येतं. का... का... का... दिवसभर."

"डॉक्टर म्हणाले, गाण्यातून कधीकधी शब्द येतात."

"मग बघ बाई. मी तर हात टेकले."

भिंगरीने गाणं लावलं. ठेका सुरू झाला, त्यावर मावशीचाच आवाज आला. का... का... का... मावशीचे डोळे विस्फारले. तिने तोंड उघडलं, यंत्रातल्या आवाजाबरोबर पुढचा शब्द काढायला धडपडली. पण यंत्र पुढे जाईना आणि तीही जाईना. डाव्या हाताने तिने लॅपटॉप ढकलला. गालावरून पाणी वाहू लागलं.

"बंद कर!" भाऊ ओरडला. "तिची नक्कल करतेस होय?"

"नाही रे! हे आधीचं आहे, देवाशप्पथ!"

तिने लॅपटॉप मिटला. काय करावं सुचेना, म्हणून ती खाटेच्या कडेला बसली आणि ठेक्याशिवाय, हळू, तिला येत होती ती सात नावं गायला लागली. सातव्या नावापाशी ती अडली.

आणि मावशी पुढे गायली. घोगऱ्या, तिरप्या आवाजात, पण स्पष्ट. आठवं नाव. मग नववं.

भिंगरी धडपडत मोबाइल काढायला गेली. पर्स उलटी झाली, किल्ल्या फरशीवर खणखणल्या. मावशी दचकली आणि थांबली.

"मावशी, पुढे? पुढे काय गं? मावशी!"

"का," मावशी म्हणाली. "का... का..."

भिंगरी रोज गेली. सकाळी, दुपारी, नर्सने हाकलेपर्यंत. तीच सात नावं, मग आठवं, मग नववं. मावशी टक लावून बघायची, कधी भिंगरीच्या ओठांना बोट लावायची. शब्द मात्र परत आला नाही. अकराव्या दिवशी मावशी गेली.

पुढच्या महिन्यात मोठा कार्यक्रम होता. भिंगरीने तिच्या रेकॉर्डिस्टला गाण्यातली ती गरगर फिरणारी हाक काढून टाकायला लावली. "तिच्यामुळेच तर लोक येतात," रेकॉर्डिस्ट म्हणाला. तिने ऐकलं नाही. ठेक्यावर तिने नऊ नावं घेतली आणि गप्प उभी राहिली. ठेका रिकामाच वाजत राहिला. लोकांना वाटलं, माइक गेला. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी मोबाइल हलवत ओरडलं. तिला पुढे गाता आलं नाही; तिच्याकडे पुढे काही नव्हतंच.

विंगेत रेकॉर्डिस्टने तिला पाणी दिलं.

"ते नववं नाव," त्याने विचारलं, "तू तालमीतही जरा घाबरत घ्यायचीस. चुकीचं आहे का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "एकदाच ऐकलंय. विचारायला कुणी नाही."