सकाळची गोळी

माझा मुलगा नितेश मुंबईहून रोज सकाळी फोन करतो, तो एवढंच विचारायला: "आये, गोळी घेतलीस?" मी म्हणते, घेतली. तो म्हणतो, बरं, ठेवतो. झालं आमचं बोलणं. पण आमच्या वाडीत कुणाच्या पोराचा रोज फोन येतो, सांगा बघू! शेजारच्या गोदाचे दोन मुलगे, दोघांचाही आवाज ऐकायचा तर सण यावा लागतो. घरात मी एकटी असले तरी त्या फोनाच्या जोरावर वाडीत ताठ मानेनं वावरते.

गोळी पित्ताची. नातीच्या, ऋतिकाच्या बारशाला मुंबईला गेले होते, तेव्हा छातीत अशी जळजळ उठली की आंबट पाणी घशाशी यायचं. तिथल्या डॉक्टरांनी उपाशीपोटी घ्यायला गोळी दिली, वर अर्धा तास चहासुद्धा नाही. महिनाभर घ्या आणि परत दाखवा, असंही म्हणाले होते. पण मी गावी आले, लावणी तोंडावर आलेली, दाखवायला जातंय कोण? गणपतीत नितेश आला तो मखराच्या सामानाबरोबर वर्षभराच्या गोळ्या घेऊनच. मग दरसाल तेच. चाकरमानी गावाला हात हलवत थोडाच येतो! डॉक्टरांचं ते 'परत दाखवा' तोही विसरला आणि मीही. गौरीच्या तिखटाच्या जेवणानंतर अर्धी वाडी ढेकरा देत माझ्या पडवीत यायची, आणि मी ऐटीत एकेकीला गोळी काढून द्यायचे. आपण लोकांना औषध वाटतोय, हे डोक्यातही आलं नाही.

यंदा पायांना मुंग्या यायला लागल्या. वय झालं म्हणून सोडून दिलं. एकदा भरदुपारी कातळावरून चालत घरी आले, पाय धुवायला बसले, तर एका पायात चप्पलच नाही. कातळ तव्यासारखा तापलेला आणि मला पत्ता नाही! गोदा ती चप्पल हातात घेऊन मागनं आली. म्हणाली, उद्या पायच विसरून याल, वैनी. मी हसले, पण आतून भ्याले.

नितेशला कळवलं नाही. तो मुंबईला ये म्हणाला असता, आणि तिथं तो नि सून दोघं कामाला गेल्यावर भिंतीशी काय बोलू? गोदाच मला एसटीत घालून देवरूखला घेऊन गेली. डॉक्टरीण कोवळी पोर, पण सगळं खोदून विचारलं तिनं. रक्त तपासलं. गोळ्यांचं पाकीट बघून म्हणाली, आजी, किती वर्षं घेताय? मी म्हटलं, नात आता शाळेत जाते, तिच्या बारशापासून. तेव्हा तिनं नीट समजावलं. गोळी वाईट नाही, पण वर्षानुवर्षं घेतली की काही जणांना अन्नातलं बी-बारा अंगी लागत नाही. पायांचं त्यातूनच झालं असावं. इंजेक्शनं सुरू केली. गोळी एकदम तोडायची नाही, म्हणाली, एक दिवसाआड घेत घेत बंद करू. मधे जळजळ उसळेल, घाबरायचं नाही.

जळजळीला कोण घाबरतंय! परतीच्या एसटीत माझ्या मनात एकच होतं. गोळी बंद झाली तर नितेश सकाळी विचारणार काय? गोदाला बोलले नाही. तिच्या वाट्याला तर तेवढंही नाही, तिच्यापुढं कसलं रडायचं.

गोळी नसायची त्या सकाळीही मी 'घेतली' म्हणत राहिले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी पुरती बंद केली, तेव्हा त्याला सगळं सांगणं भाग पडलं. आधी चिडला, कळवलं का नाहीस म्हणून. मग म्हणाला, बरं झालं, आये, एक काळजी मिटली.

दुसऱ्या सकाळी फोन आला नाही. चुलीपाशी फोन ठेवून बसले, चहा उतू गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. छाती जळत होती, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तशीच, पण मला सारखं वाटे, ही जळजळ गोळीची नाही. एकदा तर त्या मुक्या फोनालाच म्हटलं, "मेल्या, गोळी बंद झालीय, आई नाही." आपणहून करायला मन धजेना. उचलून त्यानं 'काय काम होतं?' विचारलं असतं, तर काय सांगणार होते?

आणि आज सकाळी वाजला.

"आये, गोळी घेतलीस?" मागं गाड्यांचे भोंगे, सूनबाई डब्यावरून काहीतरी ओरडतेय. सवयीनंच विचारलं त्यानं. बंद झालेली विसरला होता.

आठवण करून द्यावी म्हणून तोंड उघडलं. पण तो म्हणाला असता, अरे हो, विसरलोच. आणि मग उद्या कशाला केला असता फोन?

"घेतली," मी म्हटलं.

"बरं. ठेवतो."

चहा उकळला होता. गोळी घेतल्यावर थांबायचे तेवढी थांबले आणि मग कपात ओतला.