यमुताईला न मिळालेले गरम पाणी

मित्रांनो, मी न्हाव्याची जुनी पितळी वाटी आहे. हल्ली एका लोखंडी पेटीत पडून असते. मला कुणी घासत नाही, कुणी विचारत नाही, पण त्याचे मला फारसे काही वाटत नाही. मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि एवढी वर्षे झाली तरी तो निवलेला नाही.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या कासारांनी मला ठोकून घडवले आणि नागपूरच्या इतवारीत नत्थूजी न्हाव्याने मला विकत घेतले. तेव्हा साहेबाचे राज्य होते. माझे काम एकच, गरम पाणी धरणे. नत्थूजी आधी गिऱ्हाइकाची दाढी त्या पाण्याने चांगली भिजवायचा. केस मऊ झाले की मग वस्तरा, तोही केस ज्या अंगाने वाढतो त्याच अंगाने, हलक्या हाताने. उलटा हात तो मारत नसे. उलटे तासले की केस कातडीच्या आत तुटतो, त्याचे टोक अणकुचीदार होते आणि वाढताना बाहेर न येता आतच वळते. मग तिथे फोड येतो, पू धरतो. आमच्या गल्लीतले कापडाचे व्यापारी ताराचंदजी म्हणायचे, "नत्थू, तुह्या हातची दाढी म्हणजे लोणी गा!" अशा वेळी मला वाटे, यातले अर्धे कौतुक माझे आहे.

पण त्याच गल्लीत दत्तोपंतांचे घर होते, आणि त्या घराच्या मागच्या दारी माझ्यात कधी गरम पाणी पडले नाही.

दत्तोपंतांचा थोरला भाऊ वारला होता. त्याची बायको यमुताई तेव्हा जेमतेम विशीची. विधवेने केस ठेवायचे नाहीत, ठेवले तर तिच्या हातचे सोवळ्यातले पाणी कुणी घ्यायचे नाही, अशी तेव्हा रीत होती. म्हणून दर पंधरवड्याला, उजाडण्याआधी, लाल आलवण नेसून ती मागच्या अंगणात नत्थूजीपुढे मान खाली घालून बसायची. या कामाला चुलीवरचे पाणी चालत नसे. चूल विटाळते म्हणे! आडाचे गार पाणी माझ्यात ओतले जायचे, आणि थंडीच्या दिवसांत ते माझ्याच अंगाला झोंबायचे.

हजामत संपली की सासूबाई बाहेर यायच्या, तिच्या डोक्यावरून उलटा तळवा फिरवायच्या आणि म्हणायच्या, "खुंट लागताहेत रे नत्थू. पुन्हा फिरव."

नत्थूजी पुन्हा फिरवायचा. कोरड्यावर आणि उलटा. जो हात ताराचंदजींच्या गालावर कधी उलटा चालला नाही, तोच हात त्या पोरीच्या मानेवर उलटा चालायचा. उलट्या हाताने काय होते ते त्याला ठाऊक नव्हते असे नाही. मला त्याचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

व्हायचे तेच झाले. यमुताईच्या मानेवर आधी बारीक लाल पुळ्या आल्या. मग प्रत्येक पुळीत एक काळा केस गुंडाळी होऊन बसलेला दिसू लागला. सासूबाईंनी "उष्णता आहे" म्हणत नखांनी त्या पिळल्या, वर चुना-हळद थापली. पुळ्यांचे गळू झाले. मान एका बाजूला वळेना. यमुताई अंगात ताप घेऊन भाकऱ्या थापू लागली. असल्या मानेवरही वस्तरा एकदा फिरला. वस्तऱ्याला लागलेले रक्त आणि पू नत्थूजीने माझ्यात धुतले. मी वाटी आहे, मला ओकता आले नाही.

पुढच्या खेपेला दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचे श्राद्ध होते. यमुताई पाटाजवळ आली, पण बसली नाही. दत्तोपंत समोरच उभे होते.

"भाऊजी, आज नको. मान बरी होऊ द्या."

"उद्या ब्राह्मण जेवायचे आहेत, वहिनी. एवढ्याशा फोडांचं काय घेऊन बसलात?"

"तुमच्या मानेवर असते तर एवढेसे म्हणाला असता का?"

दत्तोपंत लालबुंद झाले. "नत्थू, कर सुरू!"

नत्थूजीने खाली बघत वस्तरा उघडला. त्याच क्षणी यमुताईने मला उचलले आणि फरशीवर आपटले. असा आवाज झाला, की शेजारच्या अंगणातून सत्यवतीबाई, म्हणजे ताराचंदजींची बायको, कुंपणाशी धावत आली. तिने यमुताईची मान पाहिली.

"बाई बाई बाई! काहून सोसून राहिली वं इतकं? चाल माह्यासंगं."

"हिला कुठे नेतेस?" सासूबाई ओरडल्या.

"दवाखान्यात. नाही तर उद्या दोन श्राद्धं घाला!"

आणि तिने ताराचंदजींची दमणी जुंपायला लावून यमुताईला थेट बायकांच्या दवाखान्यात नेले.

तिथे काय झाले ते सत्यवतीबाईने पुढच्या आठवड्यात आपल्या ओसरीवर, ताराचंदजींची दाढी चालली असताना, नत्थूजीला ऐकवले. मी तिथेच होते. डॉक्टरीणबाई म्हणाली, अजून थोडे थांबला असता तर विष रक्तात भिनले असते. तिने मोठे गळू कापून पू काढला. उकळलेल्या फडक्याने रोज गरम शेक द्यायला सांगितला. शेकाने कातडी मऊ झाली तेव्हा आत वळलेले केस उकळलेल्या सुईने अलगद वर उचलले, एकही उपटला नाही. आणि बजावले, मान बरी होईपर्यंत वस्तरा लावायचा नाही.

नत्थूजी पुटपुटला, "माह्यं काय चालते बाई? त्यायनं सांगतलं, मी केलं."

"वस्तरा कोनाच्या हातात होता? त्यायच्या का तुह्या?"

ताराचंदजींच्या गालावर साबण तसाच वाळत होता.

मान बरी झाली तशी दत्तोपंतांनी पुन्हा निरोप धाडला. अंगणात पाट मांडलेला होता. यमुताई दारात उभी होती आणि तिच्या डोक्यावर बोटभर काळेभोर केस आले होते.

"आता झालं ना बरं? बस," सासूबाई म्हणाल्या.

"बरी झालेली मान पुन्हा कापायला द्यायची नाही मला."

"मग तुमच्या हातचं पाणी या घरात कुणी घेणार नाही," दत्तोपंत म्हणाले.

"नका घेऊ. आड अंगणातच आहे. पोहरा तुम्ही ओढा, भाऊजी."

आणि मित्रांनो, दत्तोपंतांनी तो ओढला. तळहातांना फोड येईपर्यंत ओढला, पण 'आमचे चुकले' असे त्या घरात कुणी म्हणाले नाही. यमुताईची चूल मागच्या पडवीत वेगळी झाली. सणाला तिला पंगतीत बोलवत नसत. तिच्या केसांची वेणी झाली तरी तिची सासू तिच्याकडे पाठ करूनच बसे. यमुताई मात्र पुन्हा त्या पाटावर बसली नाही.

म्हणून सांगते. दाढी करा, डोके करा, आधी गरम पाण्याने केस भिजवा. वस्तरा स्वच्छ ठेवा, केसाच्या अंगाने चालवा, गुळगुळीत करायच्या हट्टाने खरवडू नका. केस आत वळून फोड आलाच तर नखे लावू नका. शेक द्या, वस्तरा थांबवा. सूज पसरली, ताप आला तर घरचे उपाय सोडा आणि डॉक्टरकडे जा.

आणि समोरचा माणूस 'दुखते' म्हणाला, तर आधी हातातले हत्यार खाली ठेवा. तुमची रीत, तुमचे शास्त्र, तुमचे पाहुणे, सगळे त्यानंतर.